जड फाइल बघितल्याशिवाय टाकू नये

चावीकाकांनी जन्मभर लोकांची कुलपं उघडली, पण त्यांच्या स्वतःच्या घरात न विचारता कुणी शिरलं, असं एकदाही झालं नव्हतं. म्हणूनच मंगळवारी तंत्रशाळेच्या कारकूनबाईंनी त्यांचा पेनड्राइव्ह, मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसा चिमटीत धरून परत केला, तेव्हा काकांना भर चौकात कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

"याला कीड आहे," कारकूनबाई म्हणाल्या.

"कीड? अहो, नवाकोरा आहे तो. मी स्वतः पुसून आणलाय."

"आतून आहे. लावल्याबरोबर पडद्यावर लाल पेटी आली. धोका आढळला म्हणून. आमच्या या मशीनमध्ये आठशे मुलांचे निकाल आहेत, काका. उद्या सगळेच नापास झाले तर त्यांच्या आईबापांना तोंड कोण देणार? तुम्ही?"

काकांनी पेनड्राइव्ह हातात घेतला. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण त्यांना ती भरल्या हंड्याएवढी जड वाटली.

"शनिवारी दुपारी बारापर्यंत स्वच्छ करून आणा," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून वर्ग आहे. बारानंतर प्राचार्य सर दुसऱ्या माणसाला फोन करणार आहेत."

आता हा वर्ग म्हणजे काकांना काय होता, ते सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. बंद केलं म्हणजे काय, बंदच पडलं. लोक अंगठा लावून दारं उघडायला लागले आणि किल्ली घासून घ्यायला येणारे हळूहळू फक्त पत्ता विचारायला यायला लागले. तेव्हापासून काका घरी. सकाळी पेपर वाचायचा, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी घरातल्या बिजागऱ्यांना तेल घालायचं. घरात इतकं तेल झालं होतं की एकही दार करकरत नव्हतं आणि कोण आलं नि कोण गेलं याचा पत्ता लागत नव्हता. अशात तंत्रशाळेचा निरोप आला: कुलूपदुरुस्तीचा वर्ग काढतोय, बारा पाठ लिहून द्या, चित्रांसकट, आणि जमलं तर तुम्हीच शिकवा. देवाने दार उघडलं म्हणतात ते हेच, असं काकांना वाटलं. चार महिने दोन बोटांनी टकटक करून त्यांनी बारा पाठ लिहिले. कुलपं खोलून त्यांच्या पोटातले फोटो काढले. फोटो धूसर आले, म्हणून कुठल्याशा जाहिरातीवर बोट ठेवून फोटो स्वच्छ करणारा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला.

फुकटात आलेला पाहुणा एकटा कधी येतो का? त्याने आपलं गणगोत बरोबर आणलं.

काकांची लेक दूरच्या गावी एका कचेरीत कॉम्प्युटरचंच काम करायची. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तो प्रोग्राम काढून टाकलात ना?"

"कधीच. त्याच दिवशी. फोटो स्वच्छ करायचं सोडून मला बायकांचे जोडे दाखवायला लागला होता."

"तो गेला, पण त्याचं उरलंसुरलं राहिलंय. भाडेकरू खोली सोडून जातो आणि कोपऱ्यात गाठोडं ठेवून जातो ना, तसं. तुमच्या पाठांच्या फोल्डरमध्येच बसलंय बघा. तुम्ही फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकलात, त्याबरोबर तेही गेलं शाळेत."

"मग आता?"

"ते डिलीट करा. आणि मग रिसायकल बिन रिकामी करा. आठवणीने. नाहीतर ते घरातच राहतं."

काकांनी चष्मा वर केला आणि गाठोडं शोधून काढलं. आतल्या फाइलींची नावं मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी होती. काकांनी ते निवडलं आणि डिलीट केलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, कॉम्प्युटरची कचरापेटी भरलीय. तेवढी रिकामी कर."

"करते हो," आतून आवाज आला.

त्यात विशेष काहीच नव्हतं. त्या घरात चाळीस वर्षांची वाटणीच तशी होती. टाकायचं काकांनी, बाहेर काढायचं काकूंनी. काका कागद टाकत, स्क्रू टाकत, तुटके चष्मे टाकत, आणि पेटी दाराबाहेर नेऊन ठेवणं हे काकूंचं खातं. त्यात काकांनी कधी हात घातला नव्हता. लेक मागे सुट्टीत आली असताना तिने आईला कॉम्प्युटर शिकवला, तेव्हा हे खातंही आपोआप तिकडे गेलं.

बुधवारी सकाळी दहा वाजता अँटिव्हायरसने रोजची तपासणी केली आणि टण्ण आवाज करून लाल पेटी वर आली. धोका आढळला.

काका चहा घेत होते. चहा बशीत सांडला. त्यांनी फोल्डर उघडलं. गाठोडं जागच्या जागी. तीच नावं, तेच वजन, बसण्याची ऐटही तीच.

"मेल्या!" काका म्हणाले आणि पुन्हा डिलीट केलं. "अगं, पेटी!"

"हो हो."

गुरुवारी सकाळी दहा. टण्ण.

आता काका खरोखर घाबरले. माणसाचं असं आहे बघा, बाहेरच्या चोराला तो काठी घेऊन सामोरा जाईल, पण घालवून दिलेली गोष्ट आपोआप परत येऊन बसली, की त्याची काठी गळून पडते. आपण राग सोडला म्हणतो, हेवा सोडला म्हणतो, देवापुढे हात जोडून सांगतोसुद्धा. आणि सकाळी उठून बघावं तर तो पायाशी गुंडाळून बसलेला. काकांनी देवाला आठवलं आणि मग लेकीला फोन केला.

"बाबा, हे आपोआप परत येणारं दिसत नाहीये," लेक म्हणाली. तिने लांबूनच कॉम्प्युटरमध्ये शिरून बघितलं होतं. "फाइलची वेळ बघा. काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. परवाही दोन वाजून दहा. कुणीतरी बसून परत ठेवतंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"ते मला इथून कसं कळणार? कॉम्प्युटरसमोर बसणारं कुणीतरी."

दुपारी दोन ते तीन काकांची झोपायची वेळ. म्हणजे चोराला आपली झोपायची वेळ ठाऊक! काकांनी काकूंना काही सांगितलं नाही; उगाच बाई घाबरायची. ते माळ्यावर चढले आणि जुन्या दुकानातलं पाच खटक्यांचं कुलूप काढून आणलं. हे कुलूप त्यांनी स्वतः बनवलेलं. पाच खटके, प्रत्येकाची स्प्रिंग वेगळ्या ताणाची, एक जरी केसभर जास्त उचलला तरी सगळे पुन्हा पडतात. दुकानात पैज लावून लोक यायचे आणि घाम पुसत जायचे. जेवण झाल्यावर गाठोडं तिसऱ्यांदा डिलीट करून, कॉम्प्युटरच्या खोलीला ते कुलूप लावून, किल्ली बनियनच्या खिशात ठेवून काका झोपले. विषाणूला कुलूप लावून कोंडणारा जगातला हा पहिलाच माणूस असावा, पण ज्याला जे येतं ते तो करतो.

"आज खोलीला कुलूप कशाला?" काकूंनी विचारलं होतं.

"हवा येते," काका म्हणाले होते.

शुक्रवारी सकाळी दहा. टण्ण.

काका खुर्चीतच खचले. कुलूप जसंच्या तसं होतं. ओरखडा नाही, वाकलेलं नाही, तेलाचा एक थेंबही हललेला नाही. उद्या बारा वाजता सर फोन उचलणार आणि दुसऱ्या माणसाला बोलावणार. तो दुसरा माणूस कोण हेही काकांना माहीत होतं: ग्राइंडर घेऊन कुलूप कापणारा. कुलूप कापणारा माणूस मुलांना कुलूपदुरुस्ती शिकवणार!

काकांनी गाठोडं पुन्हा डिलीट केलं, खोलीला कुलूप लावलं, पण त्या दिवशी दुपारी ते झोपले नाहीत. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले आणि व्यवस्थित घोरायला लागले. बोळातल्या आरशात खोलीचं दार दिसत होतं.

दोन वाजून सहा मिनिटांनी काकू हात पुसत आल्या. त्यांनी काकांकडे बघितलं, घोरणं ऐकून घेतलं, मग केसातली पिन काढली, छत्रीची एक मोडकी काडी कमरेतून काढली आणि दारासमोर बसकण मारली.

काकांचं घोरणं एकदम थांबणार होतं, ते त्यांनी मोठ्या कष्टाने चालू ठेवलं.

एक खटका. दोन. काकू कुलपाला कान लावून होत्या, डोळे मिटलेले, भाजी निवडताना असतो तसा निवांत चेहरा. तीन. चार. काका मनातल्या मनात सेकंद मोजत होते. रागावायचं होतं, पण आधी मोजून घ्यायचं होतं. पाचवा. कुलूप खळ्ळकन उघडलं.

चाळीस सेकंद. त्यांच्या स्वतःच्या हाताला पन्नास लागत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, दुकान नवीन आणि गिऱ्हाईक कमी असताना, काकांनीच हौसेने बायकोला शिकवलं होतं हे. नंतर ते विसरले. शिकणारा मात्र विसरत नाही.

काकू आत गेल्या. चष्मा लावला. खुर्ची पुढे ओढली. कचरापेटी उघडली आणि धान्य निवडावं तशी एकेक फाइल बघायला लागल्या. "हे नको. हेही नको. हे काय बाई?" मग गाठोड्यापाशी आल्या आणि माऊस थांबला. मान हलवून त्यांनी ते उजव्या बोटाने पकडलं आणि "रिस्टोअर"वर टिचकी मारली. लाल पेटी उसळून वर आली. काकूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नंतर आठवण करा" दाबून तिला घरी पाठवली. बाकीची पेटी रिकामी केली आणि हात झटकले.

"अगं, काय करतेस हे?" काका दारात उभे होते.

काकू दचकल्या नाहीत. "जागे आहात होय? मग घोरताय कशाला?"

"तू! तू परत ठेवतेस ते?"

"मग टाकायचं का? ऐंशी एमबीची आहे! बाकीच्या सगळ्या एक नि दोन, ही एकटी ऐंशी. एवढी जड वस्तू कुणी न बघता टाकतं का? सासूबाई सांगून गेल्यात, जड वस्तू बघितल्याशिवाय टाकायची नाही."

"अगं, विषारी आहे ती! चार दिवस लाल पेटी ओरडतेय!"

"ती कशालाही ओरडते. परवा मी नुसती मैत्रिणीची पत्रिका उघडली तर ओरडली."

"अगं बाई, तुझ्या या जडपणापायी माझा वर्ग चाललाय! उद्या बारा वाजता तो कापणारा माणूस खुर्चीवर बसणार!" काकांचा आवाज चढला. "मी जे टाकतो ते तू काढतेस. मी टाकलेला चष्मा काढलास, कवळी काढलीस —"

"कवळी तुम्ही पेपरात गुंडाळून टाकली होतीत. तोंडात काय घालणार होतात, पेपर?"

"स्प्रिंगा काढल्यास, तुटक्या कानशी काढल्यास, चाळीस वर्षं माझ्या हातून या घरातली एक वस्तू धड बाहेर गेलेली नाही!"

"नाही गेलेली," काकू म्हणाल्या. "वहीसुद्धा नाही."

"वही?" काका म्हणाले.

दुकान बंद झालं त्या दिवशी त्यांनी आपली कुलपांची वही, तीस वर्षांची, प्रत्येक कुलपाचं पोट काढून दाखवलेली वही, कचऱ्यात टाकली होती. शाळेचा निरोप आला तेव्हा ती कपाटात सापडली. बारा पाठ त्या वहीतूनच लिहिले. तेव्हा काकांना वाटलं होतं, आपण टाकायची म्हटली पण टाकायची राहून गेली असेल. माणूस आपल्या विसराळूपणावर लगेच विश्वास ठेवतो.

"चहाच्या चोथ्याखाली होती," काकू म्हणाल्या. "पानं एकेक करून वाळवली. तुम्ही तेव्हा भिंतीकडे बघत बसायचात, म्हणून सांगितलं नाही."

काका खुर्चीवर बसले.

"पण ही खरंच विष आहे गं," काका शेवटी म्हणाले. आवाज उतरला होता.

"मग तसं सांगायचं. 'पेटी रिकामी कर' एवढंच म्हणालात. पेटी मी चाळीस वर्षं बघूनच रिकामी करते, हे तुम्हाला माहीत नाही?"

माहीत होतं.

लेकीला फोन लावला. लेक आधी पाच मिनिटं नुसती हसली, मग म्हणाली, "आई, ते बघितल्याशिवाय टाकायचं नाही ना? मग आपण बघूनच टाकू. पण उघडायचं नाही हं काही. वरूनच बघायचं."

आणि मग तीन माणसं एका गाठोड्याला चिकटली. आत दोनशे चौदा फाइली. काकू प्रत्येकीचं नाव अक्षर अक्षर वाचायच्या, लेक फोनवरून सांगायची, काका डिलीट करायचे.

"ही काय गं?"

"जाहिराती आणणारी, आई."

"आणि ही?"

"तुम्ही कुठे कुठे जाता ते बघणारी."

"म्हणजे शेजारीण. टाका ती आधी. ही?"

"ही त्या दोघींना रोज सकाळी उठवणारी."

"अगं बाई, घरच आहे की हे त्यांचं!"

त्यातल्या सगळ्यात जाड फाइलीपाशी आल्यावर काकूंनी हात आखडता घेतला. "हिच्यात नक्की काही नाही ना? चांगली जड आहे हो."

"आई, त्या प्रोग्रामचीच दुसरी प्रत आहे ती. पहिला काढला तर हिच्यातून पुन्हा उगवेल."

"असं होय? बेणं ठेवलंय होय मेल्यांनी!" काकूंनी माऊस काकांच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः डिलीट दाबलं, जोरात, झुरळ मारावं तसं.

मग लेकीच्या सांगण्यावरून ब्राउझरमधला एक चिकटलेला तुकडा काढला. मशीन सुरू झाल्याबरोबर जे काय काय जागं होतं, त्या यादीतून एक नाव खोडलं. पेनड्राइव्ह पूर्ण पुसून घेतला, आणि त्यावर बारा पाठ तेवढेच, एकेक मोजून चढवले. शेवटी कचरापेटी उरली.

काकांचं बोट "रिकामी करा"वर होतं. त्यांनी ते उचललं. "तू कर," ते म्हणाले. "तुझं खातं आहे."

काकूंनी एकदा पेटीत डोकावून बघितलं. सवय ती सवय. मग दाबलं.

पूर्ण तपासणीला तीन तास लागले. दोघांनी जेवण तिथेच घेतलं, ताटं मांडीवर, नजर पडद्यावरच्या हिरव्या पट्टीवर. पट्टी सत्तर टक्क्यांवर अडली तेव्हा काकू तिला "चल गं चल" म्हणाल्या. शेवटी पडद्यावर आलं: कोणताही धोका नाही.

"बघ," काका म्हणाले.

"बघते," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी दहाला टण्ण झालं नाही. काका घड्याळाकडे बघत सव्वादहापर्यंत उभे राहिले, मग जोडे घातले. काकूही निघाल्या. "तुम्ही वाटेत पेनड्राइव्ह कुठे टाकलात तर काढायला कुणी हवं ना," असं म्हणाल्या.

साडेअकराला ती दोघं तंत्रशाळेच्या कचेरीत पोचली. कारकूनबाईंनी पेनड्राइव्ह आधी वेगळ्या जुन्या मशीनला लावला. तपासला. स्वच्छ. बाईंचा विश्वास बसेना, पुन्हा तपासला. स्वच्छ. मग त्यांनी टेबलाखालून एक लांबलचक रजिस्टर काढलं.

"इथे नोंद करा. मंगळवारी कीड सापडली होती ना, त्याची. नाव, तारीख, आणि हे इथे, संसर्गाचं कारण. सर स्वतः वाचतात."

"कारण लिहायलाच हवं?"

"हवं. मागे एकाने 'माहीत नाही' लिहिलं होतं."

"मग?"

"मग तो कुठे गेला, हेही आता कुणाला माहीत नाही."

काकांनी पेन घेतलं. वरच्या ओळी चाळल्या. एकाने लिहिलं होतं: वीज गेली. दुसऱ्याने: भाच्याने वापरला. तिसऱ्याने: हवामान. काकांनी शेजारी बसलेल्या काकूंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, पण मान जरा जास्तच ताठ होती. दोष तिच्यावर ढकलायला अर्धी ओळ पुरली असती. पत्नीने रोज दुपारी परत ठेवले. त्यात खोटं काही नव्हतं, आणि वर्गाची खुर्ची त्याने वाचली असती. बायकोपुढे नवरा काय करणार, असं म्हणून सर हसले असते आणि सही केली असती. उलट स्वतःचं नाव लिहावं, तर ज्याला आपल्या घरचं दार राखता आलं नाही, त्याने पोरांना कुलपं काय शिकवायची?

भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं.

काकांनी लिहिलं: अर्जदाराने फुकटचा प्रोग्राम न तपासता घरात घेतला. अर्जदाराचा निष्काळजीपणा.

आणि रजिस्टर पुढे ढकललं. पण ते कारकूनबाईंपर्यंत पोचलंच नाही. मधेच काकूंनी धरलं, चष्मा लावला, वाचलं, आणि काकांच्या हातातून पेन काढून घेऊन खाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं: तो त्यांनी रोज टाकला. तो मी रोज परत ठेवला. जड होता.

"अगं, हे काय!" काका कुजबुजले.

"मग? अर्धं खरं कशाला लिहायचं?"

"हे सरांना दाखवावं लागेल," कारकूनबाई म्हणाल्या आणि रजिस्टर घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं. काका त्या दाराच्या कुलपाकडे बघत बसले; साधं दोन खटक्यांचं होतं, पण त्या क्षणी त्यांना ते उघडता आलं नसतं.

बारा वाजायला चार मिनिटं असताना प्राचार्य स्वतः बाहेर आले. रजिस्टर त्यांच्या हातात उघडंच होतं.

"जड होता म्हणजे?" त्यांनी काकूंना विचारलं.

"ऐंशी एमबी," काकू म्हणाल्या. "तुम्ही टाकला असता?"

प्राचार्यांनी विचार केला. खरोखर केला; त्यांच्या कपाळावर दिसत होतं. "नसता टाकला," ते म्हणाले. मग काकांकडे वळले. "काका, सहा वर्षं झाली हे रजिस्टर चालू करून. यात वीज आहे, भाचा आहे, हवामान आहे, एकाने तर ग्रहण लिहिलंय. स्वतःचं नाव लिहिणारे तुम्ही पहिले. आणि ज्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन पुढे येणं, हेही पहिलंच." रजिस्टर मिटून त्यांनी बाईंकडे दिलं. "सोमवारी सकाळी आठला वर्ग."

काकांनी मान हलवली.

"आठ?" काकू म्हणाल्या. "यांना साडेआठशिवाय जाग येत नाही."

"अगं!"

"मग नऊ," प्राचार्य म्हणाले.

"सर, वेळापत्रक छापून झालंय," कारकूनबाई म्हणाल्या.

"पुन्हा छापा."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि रजिस्टर काकांपुढे ठेवलं. "शेवटचा रकाना राहिलाय. जबाबदार व्यक्तीची सही."

काकांनी सही केली. रकाना काडेपेटीएवढा होता, तो त्यांच्या सहीनेच भरला. त्यांनी रजिस्टर काकूंकडे सरकवलं. काकूंनी इकडे तिकडे बघितलं, जागा दिसेना, तेव्हा खालच्या ओळीत, चांगली ऐसपैस, नावाच्या शेवटच्या अक्षराला शेपटी काढून सही केली.

"अहो काकू! ती ओळ पुढच्या माणसाची आहे!"

"असू दे हो," काकू पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "त्याला म्हणावं, जरा सरकून बस."